प्रतिसाद: नुसतं वयाला बोल लावू नका
उतारवयात स्नायू का झिजतात, यावर 'वय झालं की मांड्या वाळणारच' असं वर कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच खरं. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर वेग वाढतो, हे मान्य. पण आमच्या खानापूरच्या मामांचं बघा. सत्तरीतही चिखलात उभं राहून भातलावणी करायचे. गेल्या पावसाळ्यात खुबा मोडला, तीन आठवडे अंथरुणावर. उठले तेव्हा धोतर कमरेवर ठरेना. त्यात कवळी टोचते म्हणून भाकरी सुटली, उसळ सुटली. दोन्ही वेळा मऊ भात नि पातळ सार. प्रथिनं येणार कुठून? उतारवयात तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधले जातात, म्हणून वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम तरी लागतात (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). मधुमेह, ड जीवनसत्त्वाची कमतरता हीही कारणं आहेतच.

आणि वजनकाट्यावर विसंबू नका. स्नायू जाऊन चरबी भरते, आकडा तोच राहतो. खुर्चीतून हात न टेकता उठता येतंय का, ते बघा. मामा आता रोज दहादा उठबस करतात, मामींना शिव्या घालत.