मदत हवी आहे : यान अंतराळ स्थानकाला गाठतं कसं, हे सहावी-सातवीच्या मुलांना कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी देवगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 25 जून 2025 ला अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले तेव्हा कौलांवर आर्द्राचा पाऊस वाजत होता आणि अख्खा वर्ग एका मोबाईलभोवती दाटीने बसला होता. दुपारी बाराला उड्डाण झालं, यान स्थानकाला जोडलं गेलं दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास. एकाने लगेच विचारलं, "बाई, बाबांचो आंब्याचो टेम्पो सांजेक सुटता नि सकाळी वाशीक पोचता. स्थानक चारशेच किलोमीटर वर, मगे 28 तास कित्याक?"

स्थानक एका जागी उभं नसतं, ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं, हे त्यांना पटलं. गाडी अडली ती पुढे.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांना हेच मांडायचंय. परवा ओहोटीला पुळणीवर खुंटी ठोकली, सुंभाने दोन वर्तुळं आखली, एक लहान, एक मोठं. दोघं सारख्या चालीने चालले आणि आतला पुढे गेला. सगळे खूश. तेवढ्यात बाहेरची मुलगी धावत सुटली आणि त्याच्याही पुढे गेली! एकजण म्हणाला, "आमचो तांडेल पुढची होडी गाठूक इंजिन वाढवता. यान तसा कित्याक करणा नाय?"

मी सांगितलं, मागून जोर लावला की यान वर चढतं, तिथे त्याचा वेग उलट कमी होतो आणि ते मागे पडतं. मुलं नुसती बघत राहिली. पाठ केलेलं वाक्य मला त्यांच्या गळी उतरवायचं नाहीये. हातात धरून दाखवता येईल असं, कमी खर्चातलं काही सुचवाल का? प्रदर्शन दहा दिवसांवर आहे.

प्रतिसाद

बाई, पुळणीवर वर चढायला वाटच नाही, म्हणून धावणारी जिंकली. मुलांना सायकलवर चढाकडे न्या. पायथ्याशी जोरात पायडल मारायचं, मग पाय सोडून द्यायचे. वर पोचेपर्यंत सायकल मंदावते, कारण लावलेला जोर उंची गाठण्यात खर्ची पडला. यानाचंही तेच होतं. म्हणून ते खालच्या कक्षेत राहून अंतर कापतं आणि स्थानक आवाक्यात आलं की थोडं थोडं वर चढतं. अगदी शेवटी तर मुंगीच्या पावलाने पुढे सरकतं, तांडेल धक्क्याला होडी लावताना करतो तसं.

आणि 28 तास दर वेळी लागतात असं मात्र सांगू नका. ऑक्टोबर 2020 मध्ये रशियाचं सोयूझ एमएस-17 यान साधारण तीन तासांत पोचलं होतं. उड्डाणाच्या वेळी स्थानक किती पुढे आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

धागाकर्ती

तांडेलाचं उदाहरण त्या मुलालाच सांगायला लावते! आमच्या शाळेमागे खडा चढ आहे. रविवारी सायकली काढतो, काय झालं ते इथेच लिहीन.