मदत हवी आहे: समुद्रालगतचं घर पावसाळ्यानंतर उघडायचंय, कामांचा क्रम कसा लावू?

पागोळी:
दापोली तालुक्यात समुद्रापासून दीडेकशे मीटरवर घर आहे. चिऱ्याच्या भिंती, त्यावर सिमेंटचा गिलावा, ओटी-माजघरावर मंगळुरी कौलं, मागच्या न्हाणीवर स्लॅब. मे अखेरीस बंद केलं, तेव्हापासून कोणी राहिलेलं नाही. किल्ली शेजाऱ्यांकडे असते, त्यांनी फोटो पाठवलेत. पश्चिमेच्या खोलीत कमरेपर्यंत ओल आणि पांढरी पूड. न्हाणीच्या स्लॅबचा हातभर पोपडा पडून सळ्या उघड्या पडल्यात. चार-पाच कौलं फुटलीत. विहिरीच्या पाण्याला कुजका वास येतोय. अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक पंप पावसाळाभर बंद आहे.

दिवाळीत लहान मुलं आणि वयस्कर माणसं राहायला येतील. रंगारी म्हणतो आधी रंग काढून घेऊ, गवंडी म्हणतो स्लॅबला सिमेंट थापून देतो. दोघांनाही थांबवलंय. आधी काय करू, आणि कशात काय वापरू?

अर्थिंग:
थांबवलंत ते बरं केलंत. आधी वीज, मग पाणी, मग छप्पर आणि स्लॅब, नंतर भिंती. रंग सगळ्यात शेवटी. माझा विषय विजेचा, तेवढं सांगतो.

मेन स्विच बंद ठेवूनच आत जा, दिवसाउजेडी, पायात गमबूट घालून. फुरसं उंबऱ्याच्या फटीत, रचलेल्या कौलांत, पायपुसण्याखाली बसतं. हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. गॅसचा वास आला तर एकही बटण न दाबता दारं-खिडक्या उघडून बाहेर या.

वायरमनला मेगर (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) घेऊन बोलवा, नुसत्या टेस्टरने भागणार नाही. बल्ब, पंखे, इन्व्हर्टर सुटं करून प्रत्येक सर्किटचं फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ रीडिंग ५०० व्होल्टवर घ्यायचं. १ मेगाओहमच्या खाली आलं तर ते सर्किट चालू करायचं नाही. बोर्ड उघडे ठेवून वारं लागलं की बरेचदा रीडिंग वर येतं. नाहीच आलं तर वायर बदला. मग एकेक एमसीबी चढवा आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबा. ट्रिप झाला नाही तर त्याच दिवशी बदला.

ते बटण अर्थिंग तपासत नाही, हे लक्षात असू द्या. अर्थिंगची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी जिथे मातीत शिरते तिथेच गंजून पातळ होते, म्हणून वीतभर माती उकरून बघा. आत्ता जमीन ओली आहे, रीडिंग चांगलंच येईल. त्यावर विसंबू नका, एप्रिल-मेमध्ये पुन्हा घ्या.

रहाटगाडगे:
पंपाचं बटण दाबण्याआधी मागचं फॅन कव्हर काढून शाफ्ट हाताने फिरवा. गंजाने इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) आत धरलेला असतो. तशात वीज दिली की मोटर नुसती घुमते आणि थोड्या वेळात वाइंडिंग जळतं. फिरत नसेल तर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. मग पाणी भरून प्राइम करा. भरलेलं पाणी खाली उतरत राहिलं तर पाइपच्या तळाच्या फूट व्हॉल्व्हचा वॉशर गेलाय किंवा त्यात कचरा अडकलाय.

विहीर पूर्ण उपसायच्या फंदात पडू नका. जमीन भरलेली असताना पाणी झपाट्याने खाली नेलं तर बाहेरच्या पाण्याच्या दाबाने बांधकाम आत येतं. शिवाय किनाऱ्यावर जास्त उपशाने खालचं खारं पाणी वर खेचलं जातं. पालापाचोळा जाळीने काढा, कोणाला आत उतरवू नका.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पाणी किती ते आधी काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, सगळं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर साधारण २८,००० लिटर. घाण झालेल्या विहिरीला पहिला डोस लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनचा, म्हणजे ३३ टक्क्यांची पावडर हजार लिटरला १५० ग्रॅम. या विहिरीला सव्वाचार किलोच्या आसपास. प्लास्टिकच्या बादलीत पातळ कालवा, दहा मिनिटं ठेवा, खाली बसलेला चुना टाकून द्या आणि वरचं पाणीच विहिरीत सोडा. बादली दोराने खालीवर करून ढवळा. त्यातलंच पाणी टाकीत चढवून प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा आणि बारा तास तसंच ठेवा. नंतर वास जाईपर्यंत थोडंथोडं उपसा. ते पाणी माडा-पोफळीच्या मुळाशी किंवा सेप्टिक टँकमध्ये सोडू नका.

पुढे रोज हजार लिटरला अडीच ग्रॅमपासून सुरुवात करा. ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टने, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन रंगावरून मोजून, तासाभरानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. गावच्या जलसुरक्षकाकडे ते किट असतं. पावडर ताजी आणि कोरडी घ्या, गोळे झालेली असेल तर जोर गेलेला असतो. पाण्याचा नमुना तपासून येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच.

टेकू:
स्लॅबला नुसतं सिमेंट थापलं तर पुढच्या पावसाळ्यात तोच पोपडा सळीचा गंज घेऊन पडेल. गंजलेली सळी फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते. खाऱ्या हवेतलं मीठ आत पोचलेलं असल्याने ते थांबत नाही.

वर पाण्याची टाकी असेल तर रिकामी करा, खाली लोखंडी जॅक लावा आणि हातोडीने सगळी स्लॅब ठोकून ऐका. बद्द आवाज येतो तिथपर्यंत फोडायचं, फक्त पडलेल्या जागी नाही. सळीच्या मागे २० ते २५ मिलिमीटर मोकळं करा. तारेच्या ब्रशने पूर्ण सळी चकचकीत होईपर्यंत घासा, मागची बाजूसुद्धा. मग गोड्या पाण्याने जोरात धुऊन सुकवा. ८ मिलिमीटरची सळी ७ च्या खाली आली असेल तर शेजारी नवी बांधा, दोन्हीकडे शाबूत सळीवर ४० सेंटिमीटर चढवून. सळीला झिंक प्रायमर. काँक्रीटला एसबीआर (सिमेंटची पकड वाढवणारं रबरी द्रावण) आणि सिमेंटचा लेप द्या, आणि तो चिकट असतानाच मसाला चढवा: १ सिमेंट, ३ वाळू, ५० किलोच्या गोणीला ५ ते १० लिटर एसबीआर. एका थरात १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, ओघळतो. खाडीची किंवा किनाऱ्याची वाळू गवंड्याच्या हातीही लागू देऊ नका.

एवढं करूनही दुरुस्तीच्या कडेलगतची जुनी सळी पुढे आधी गंजते. दरवर्षी त्या कडा ठोकून बघा. तुळईला सळीच्या रेषेत भेगा दिसल्या तर मात्र गवंडी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

भिंतीला लागलाय तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेलं मीठ. कोरड्या ब्रशने झाडून पूड बाहेर टाका. पाण्याने धुतलीत तर मीठ विरघळून परत भिंतीत जातं. ओल कुठली ते बघायला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. आतून दव असेल तर ओल भिंतीतली, बाहेरून असेल तर हवेतली. जमिनीपासून सलग वर आलेली ओल जोत्यातून येते. खिडकीजवळ डाग असतील तर पावसाची झड. बाहेरची माती चढून जोत्याला लागली असेल तर ती वीतभर खाली घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

पागोळी:
खूप आभार. म्हणजे दिवाळीला ती खोली तशीच ठेवू? आणि न्हाणी वापरायची का?

टेकू:
हो, खोली बिनरंगाची ठेवा. ओलीच्या वर फूटभर उंचीपर्यंत गिलावा काढून चिरा उघडा करा आणि उन्हाळाभर सुकू द्या. मेमध्ये चुन्याचा गिलावा करा, सिमेंटचा नको. आत्ता वॉटरप्रूफ रंग मारलात तर ओल आणखी वर चढेल. मुलांना आणि ज्येष्ठांना पूर्वेच्या खोलीत झोपवा, बुरशी लागलेल्या गाद्या त्यांना देऊ नका. न्हाणी काम पूर्ण होईपर्यंत बंद.

कौलारू:
कौलं दोन दिवस कडक ऊन खाल्ल्यावरच चढा, शेवाळावर पाय ठरत नाही. पाय रिपेच्या रेषेवर पडू द्या. जुन्या कौलामागचा कारखान्याचा शिक्का बघून तसंच कौल शोधा, वेगळ्या मेकच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि तिथूनच गळतं. बिजागऱ्या, स्क्रू बदलणार असाल तर ३१६ ग्रेडचं स्टील घ्या, ३०४ वरही समुद्राजवळ गंजाचे डाग पडतात.

आणखी एक, दीडशे मीटर म्हणजे सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) तपासायलाच हवं. आधीपासूनच्या अधिकृत घराची दुरुस्ती त्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्रफळात करता येते. गवंड्याने न्हाणी दोन फूट वाढवायचं सुचवलं तर आधी ग्रामपंचायतीत आणि तहसीलमध्ये विचारा.