मदत हवी आहे: स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन नेमकं कधी चालतं? आणि नवले पुलाच्या उतारावर गाडी धरतं कोण?

धायरीकर:
नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी झालीय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारताच येईना.

माझं रोजचं धायरी ते हिंजवडी. अंतर वीसेक किलोमीटर, पण संध्याकाळी दीड तास धरूनच चालायचं, आधी वाकड, मग चांदणी चौक, मग वारजे. सध्याची डिझेल ११ वर्षांची झाली, क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखायला लागलाय, त्यामुळे आता ऑटोमॅटिकच. ईव्ही घेतली असती पण सोसायटीत चार्जिंग पॉइंटवरून दोन वर्षं नुसत्या मीटिंगा चालल्यात. म्हणून टोयोटाची हायरायडर नाहीतर मारुतीची ग्रँड व्हिटारा, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि चाकं फिरवणारी विजेची मोटर दोन्ही असलेली.

रविवारी आईबाबांना घेऊन टेस्ट ड्राइव्ह घेतली. बटण दाबलं तर आवाजच नाही, समोर नुसतं रेडी दिसतं आणि गाडी सरकायला लागते. दांडेकर पुलाच्या सिग्नलला उभे होतो, एसी चालू, एकदम शांत, आणि उभ्या उभ्या इंजिन आपलं आपण सुरू झालं, स्टिअरिंगला बारीक थरथर आली. मागून बाबा म्हणाले, "काय रे, काही दाबलंस का?" मी काहीच दाबलं नव्हतं. मिनिटभराने परत बंद. सेल्समनला विचारलं तर म्हणे, सर ते ऑटोमॅटिक आहे, टेन्शन घेऊ नका. माइल्ड हायब्रिड आणि स्ट्राँगमध्ये फरक काय, तर म्हणे टेक्नॉलॉजी एकच, फक्त मायलेजचा फरक. हे काही मला पटलं नाही.

दुसरं, इंजिनाची ताकद ९२ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), मोटर ८० पीएस, आणि एकूण पॉवर ११६? बेरीज तर १७२ होते ना?

आणि ज्यासाठी खरं तर लिहितोय ते. गाव साताऱ्याकडे, महिन्यातून दोनदा आईबाबांना घेऊन जाणं-येणं. येताना कात्रजचा नवा बोगदा सुटला की नवले पुलापर्यंत तो उतार, तिथे किती अपघात होतात ते पुण्यात कुणाला सांगायला नको. डिझेल मी तिसऱ्या गिअरवर उतरवतो, इंजिनच गाडी धरून ठेवतं. या गाडीत ते गिअरच नाहीत, उतारावर इंजिन बंद असतं म्हणतात, आणि बॅटरी फुल झाली की रीजन, म्हणजे वेग कमी करताना मोटरने वीज बनवून बॅटरी भरणं, थांबतं असं वाचलं. मग ऐन उतारात सगळा भार ब्रेकवर येणार का? कुणी स्वतः चालवत असेल तर सांगा.

वारजे माळवाडी:
दोन वर्षं हायरायडर हायब्रिड वापरतोय. सिग्नलला झालं ते नॉर्मल आहे. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गार हवा येते. पण ती वीज बॅटरीतली, आणि बॅटरी आहे पाऊण युनिटाची, नेक्सॉन ईव्हीची सुरुवातीची होती ३०.२ ची, यावरून अंदाज घ्या. चार्ज एका मर्यादेखाली गेला की इंजिन सुरू होऊन भरून घेतं. सकाळी थंड गाडी काढली की पण थोडा वेळ चालतंच.

मायलेज म्हणाल तर कंपनीचा लिटरला २७.९७ किलोमीटरचा आकडा एआरएआय या वाहन तपासणी संस्थेच्या टेस्टचा, ती टेस्ट रोलरवर ठरावीक पद्धतीने होते, त्यात वाकडचं ट्रॅफिक नसतं. मला गावात २२-२३ मिळतं, हायवेला १०० ने गेलो की त्याहून कमी. नेहमीच्या गाड्यांच्या उलटं आहे हे, पण तुमचा रोजचा रूट बघता तुम्हाला फायदाच. डिकी मात्र बघून घ्या, बॅटरी मागे असल्यामुळे जागा बरीच जाते, गावाहून तांदळाची पोती आणत असाल तर आधी ठेवून बघा. आणि मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, तिच्यावर काही टाकू नका.

चाकण सेकंड शिफ्ट:
सेल्समनने चुकीचं सांगितलं हो. माइल्डमध्ये अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावर चालणारा जरा मोठा स्टार्टर-जनरेटर असतो, तो सिग्नलला बंद झालेलं इंजिन हळूच सुरू करतो आणि उठाव घेताना थोडा हात देतो, पण एकट्याने गाडी ओढत नाही. स्ट्राँगमध्ये चाकं फिरवणारी खरी मोटर असते.

त्यातला ई-सीव्हीटी, म्हणजे या गाडीचा गिअरबॉक्स, हा नेहमीचा पट्टा-पुलीवाला ऑटोमॅटिक सीव्हीटी नव्हे. एक प्लॅनेटरी गिअर सेट आहे, दातेरी चाकांचा, मधे सूर्य, भोवती ग्रह, बाहेर कडं. ग्रहांच्या चौकटीला इंजिन, सूर्याला छोटी मोटर, कड्याकडे म्हणजे चाकांच्या बाजूला मोठी मोटर. छोटी मोटरच इंजिनाला स्टार्ट देते, तीच जनरेटर होते आणि तीच कमी-जास्त फिरून गिअरचं काम करते, म्हणून क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही. १९९७ च्या प्रियसपासून टोयोटाची हीच कल्पना आहे. इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, त्यामुळे पेट्रोल वाचतं पण खालचा दम कमी पडतो, तो मोटर भरून काढते.

आता बेरीज. मोटर ८० ची असली तरी तिला वीज येणार कुठून? एक तर बॅटरीतून, नाहीतर इंजिनाने जनरेटर फिरवून. इंजिनाकडून आलेली वीज त्याच्या ९२ मध्ये आधीच धरलेली आहे, ती दोनदा कशी मोजणार? वरची भर फक्त बॅटरीची, आणि इतकी लहान बॅटरी २४ च्या आसपासच देते. झाले ११६.

उताराबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी १०० मीटर खाली उतरली तर हिशेबाने ०.४ युनिट ऊर्जा सुटते. थोडी हवा आणि टायर खातात, तरी पाऊण युनिटाची आणि आधीच अर्धी भरलेली बॅटरी भरायला वेळ लागत नाही. पण भरली म्हणून गाडी मोकळी सुटत नाही. तेव्हा छोटी मोटर इंजिनाला पेट्रोलशिवाय नुसतं गरगर फिरवते, म्हणजे जास्तीची वीज तिथे खर्च होते. तुमचं तिसऱ्या गिअरचं काम ते हेच. आवाज चढतो, घाबरू नका. बोगदा सुटला की लिव्हर डी (नेहमीचं ड्राइव्ह) वरून बी (उतारावर गाडी जास्त धरणारा मोड) वर घ्या, वेग आधीच कमी ठेवा, साधे ब्रेक आहेतच. न्यूट्रल मात्र अजिबात नको, न्यूट्रलमध्ये मोटर गाडी धरत नाही आणि बॅटरीही चार्ज होत नाही. त्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे ट्रकवाले बघितलेत, म्हणून कळकळीने सांगतोय.

धायरीकर:
दोघांचे मनापासून आभार. आज हट्टाने परत टेस्ट ड्राइव्ह मागितली, बोगद्यापलीकडून गाडी फिरवून आणली. उतार लागताच बी टाकला, बॅटरीच्या रेघा चढत गेल्या, वर टेकल्या आणि इंजिन मोठ्याने घुमायला लागलं, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच, आणि गाडी ५० च्या आत राहिली, ब्रेकला पाय अधूनमधूनच लागला. बाबांनी परत विचारलं काय झालं म्हणून, या वेळी मला सांगता आलं. सोमवारी बुकिंग करतोय.

फक्त ती जाळी किती दिवसांनी साफ करायची तेवढं सांगा, बाबा नेमके त्याच बाजूला बसतात आणि पिशवी तिथेच टेकवून ठेवतात.