मदत हवी आहे: झुरळ गोमेचं जवळचं की कोळंबीचं?

नमस्कार मंडळी. मुलुंडला आठवी-नववीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. संधिपाद (सांधे असलेल्या पायांच्या) प्राण्यांचा वंशवृक्ष वर्गात लावायचाय आणि एका फांदीपाशी अडलेय.

आम्ही शिकलो तेव्हा गोम आणि कीटक एका घरातले, कारण दोघांनाही श्वासनलिका (अंगभर हवा नेणाऱ्या बारीक नळ्या) आणि मिशांची एकच जोडी. आता जनुकांवरून वेगळंच दिसतं: कीटक कवचधाऱ्यांच्या (कोळंबी-खेकड्यांच्या) कुळातून आलेले, म्हणजे झुरळ कोळंबीच्या जवळचं आणि गोम-वाणी लांबच्या चुलत. जबडा मात्र सगळ्यांना. कोळी-विंचू निराळे, त्यांना ना असा जबडा ना मिशा.

रविवारी बाजारातून आणलेल्या कोळंबीचं डोकं भिंगाखाली उघडलं. जबड्याचे दोन टणक तुकडे चिमट्याने अलगद निघाले, मुलं बघतच राहिली! गोमेचं तसं जमत नाही. पुढे दिसतात त्या विषाच्या नांग्या म्हणजे बदललेले पाय. खरा जबडा त्यांच्या आड.

मग श्वासनलिका गोमेत आणि कीटकांत स्वतंत्रपणे तयार झाल्या, हे तेरा वर्षांच्या मुलाला कसं पटवायचं? एखादं सोपं उदाहरण सुचवा. आणि गोमेच्या जबड्याचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो कुणाकडे आहे का? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात हिंडणाऱ्यांनी जरूर सांगा. शुक्रवारपर्यंत मिळाला तर फार बरं होईल.