तवंग विरल्यानंतरचे नुकसान

तेलाचा तवंग दिसेनासा झाला की माशांचा धोका टळतो, असे म्हटले जाते. माशांची अंडी आणि अळ्या (अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्ले) यांच्या बाबतीत मात्र ते खरे नाही. कच्च्या तेलातील फेनॅन्थ्रीनसारखी, कार्बन अणूंची तीन वलये असलेली संयुगे पाण्यात मिसळून अंड्याच्या आवरणातून आत शिरतात आणि हृदयाच्या पेशींमधील पोटॅशियम व कॅल्शियमच्या वहनात अडथळा आणतात. त्यामुळे ठोके मंदावतात किंवा अनियमित होतात, हृदयाभोवती द्रव साचतो, आणि रक्ताभिसरण बिघडल्याने जबड्याची वाढही खुंटते. हॅडॉक या सागरी माशाच्या अंड्यांना तर तेलाचे सूक्ष्म थेंब चिकटूनच बसतात, म्हणून पाण्यातले प्रमाण अत्यल्प असूनही गर्भाला मोठी मात्रा मिळते. त्यातच अनेक सागरी माशांची अंडी पृष्ठभागाजवळ तरंगतात, आणि तिथल्या अतिनील किरणांमुळे या संयुगांचा विषारीपणा आणखी वाढतो.

मला अधिक काळजी वाटते ती वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या पिल्लांची. १९८९ मध्ये एक्झॉन व्हाल्डेझ जहाजातील तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरले. तिथल्या गुलाबी सॅल्मन आणि हेरिंग या माशांवर पुढे झालेल्या प्रयोगांत, गर्भावस्थेत थोड्याशा तेलाच्या संपर्कात आलेल्या पिल्लांच्या हृदयाचा आकार कित्येक महिन्यांनंतरही बदललेला आढळला आणि त्यांचा पोहण्याचा वेगही कमी भरला. केवळ मेलेले मासे मोजून केलेल्या पाहणीत अशी पिल्ले कुठेच नोंदली जात नाहीत.