पॅरलल प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलचे गुण नेमके कशाला द्यायचे?

धागाकर्ता

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंग आहे. लॅबमध्ये ओपनएमपीवर (एकच काम अनेक कोअरवर वाटण्याची सोय) बीएफएस-डीएफएस (ग्राफ फिरण्याच्या दोन पद्धती), बबल आणि मर्ज सॉर्ट, रिडक्शन (बेरजेसारखं एकच उत्तर काढणं), मग कुडा (ग्राफिक्स कार्डवरचं प्रोग्रॅमिंग). यादी चांगलीच आहे. पण असा प्रयोग पाच आकडे टाकून तपासला तर काहीच तपासलं जात नाही. साध्या बबल सॉर्टच्या आतल्या लूपवर नुसतं पॅरलल फॉर (लूप वाटून देणारी ओपनएमपीची सूचना) चिकटवलं, की दोन थ्रेड (प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे भाग) एकाच घटकाला हात घालतात. पाच आकड्यांत ही रेस क्वचितच दिसते. लाखभर आकडे दिले की काही गायब, काही दोनदा. ऑड-ईव्हन पद्धत (एका फेरीत सम, दुसरीत विषम जागेपासूनच्या जोड्या) का लागते, ते इथे कळतं.

म्हणून लॅबचे निम्मे गुण मोजलेल्या स्पीडअपला (सिरियल, म्हणजे एकाच थ्रेडचा वेळ भागिले पॅरललचा वेळ) द्या: १, २, ४, ८ थ्रेड, प्रत्येकी ५ रन, त्यातला मीडियन.

प्रतिसाद १

ठाम विरोध. स्पीडअप हा भागाकार आहे, सिरियलचा वेळ फुगवला की तो आपोआप वाढतो. सिरियल -ओ० ने (कंपाइलरची सुधारणा बंद) आणि पॅरलल -ओ२ ने (सुधारणा चालू) कंपाइल करा, ८ कोअरवर ८ पटीच्याही वर आकडा येईल. बबल सॉर्ट तर घ्यायलाच नको: १ लाख आकड्यांना सुमारे ५०० कोटी तुलना. स्पीडअपचा आलेख छान चढतो, पण एकाच कोअरवरचा लायब्ररी सॉर्ट त्याला सहज मागे टाकतो. हळू प्रोग्रॅमला जास्त गुण देणार का? शिवाय टर्बोमुळे (बाकी कोअर रिकामे असले की प्रोसेसर आपला वेग वाढवतो) एकटा थ्रेड जास्त क्लॉकवर पळतो, म्हणजे ज्याचं मशीन चांगलं त्याचाच आलेख वाईट दिसू शकतो.

प्रतिसाद २

लेखी पेपर बदला, मशीनचा प्रश्नच मिटेल. आज विचारतात: ५% भाग सिरियल, १६ कोअर, स्पीडअप किती? अ‍ॅमडालच्या सूत्राने (सिरियल भागामुळे स्पीडअपला येणारी मर्यादा) सुमारे ९.१. सूत्र पाठ असलं की गुण मिळाले. त्याऐवजी तक्ता द्या: १, २, ४, ८ थ्रेडला ८.०, ४.२, २.४, २.३ सेकंद, मशीनवर खरे कोअर ४, लॉजिकल ८ (एका कोअरवर दोन थ्रेड). चारनंतर वेळ का अडला? कोअर संपले की मेमरीची बँडविड्थ? हे ठरवायला कोणता एक रन घ्याल? कॅशमध्ये (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी) मावेल एवढाच अ‍ॅरे पुन्हा पुन्हा चालवून पाहायचा: ४ थ्रेडलाही स्पीडअप ४ च्या जवळ आला नाही, तर दोष मेमरीचा नाही.

धागाकर्ता

तक्त्याचा प्रश्न मला पटला. सिरियलबद्दलचा आक्षेपही मान्य: सिरियल कोड आणि मेकफाइल (कंपाइल कसं करायचं ते ठरवणारी फाइल) शिक्षकांनीच द्यावी, आणि गुण आकड्याला न देता आलेखाच्या स्पष्टीकरणाला द्यावेत. पण मोजणं काढू नका. आठ थ्रेडच्या आंशिक बेरजा डबलच्या अ‍ॅरेत शेजारी ठेवल्या, तर ८ × ८ म्हणजे ६४ बाइट, जेमतेम एक कॅश लाइन (कॅशमध्ये एकावेळी हलणारा तुकडा). सगळे थ्रेड तिच्यासाठी ओढाताण करतात. उत्तर बरोबर, पण वेळ सिरियलपेक्षाही जास्त लागू शकतो. कागदावर हे कोणाला सुचणार?

प्रतिसाद १

मग उत्तर तपासतानाही जपा. फ्लोटच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात; चेकरमध्ये तंतोतंत तुलना ठेवली तर योग्य रिडक्शन नापास होईल. थ्रेडसॅनिटायझरवरही (रेस शोधणारं साधन) आंधळा विश्वास नको, जीसीसी कंपाइलरच्या ओपनएमपीवर तो खोटे इशारे देतो. क्लँग कंपाइलरबरोबर आर्चर (ओपनएमपी समजणारी त्याची जोड) लागतं. आणि २० जणांच्या बॅचला प्रत्येकी १० मिनिटं आलेख समजावून घ्यायचा, तर २०० मिनिटं झाली. प्रॅक्टिकलचा स्लॉट १२० मिनिटांचा असेल तर उरलेली ८० कुठून काढायची?