मदत हवी आहे : बाळांच्या शीमध्ये मिरचीचा विषाणू, आणि सतरा नंबरचा गुंता

रानजाई

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, त्यामुळे आजचा विषय बघून दचकू नका. आणि जेवताना वाचू नका.

एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट असा, की पाच वर्षांखालच्या मुलांना जुलाब-उलट्या होतात त्यामागे कोणता विषाणू आहे ते सिक्वेन्सिंगने शोधायचं. नेहमीच्या तपासणीत कोणाला शोधतोय ते आधी ठरवावं लागतं. रोटा (लहान मुलांना जुलाब करणारा विषाणू) याची एलायझा चाचणी रोटा आहे की नाही एवढंच सांगते, दुसरा कोणी असला तर ती गप्प. सिक्वेन्सिंगमध्ये शीमध्ये जेवढं म्हणून जनुकीय द्रव्य असेल ते सगळं तुकड्यातुकड्याने वाचायचं आणि मग कोणता तुकडा कोणाचा हे संगणकावर जुळवायचं. प्रपोजल लिहिताना मला हे फार सोपं वाटलं होतं.

डिसेंबर-जानेवारीत एका हॉस्पिटलमधून २४ नमुने मिळाले. २० एलायझात रोटा निगेटिव्ह, आणि पद्धत चालते का ते बघायला मुद्दाम घेतलेले ४ पॉझिटिव्ह. सोमवारी एक्सेल फाइल आली. सतरा नंबर म्हणजे १४ महिन्यांचा मुलगा, दोन दिवस सलाईनवर होता, एलायझा निगेटिव्ह. त्याची यादी : मिरचीवरचा 'पेपर माइल्ड मॉटल व्हायरस' ६१ हजार रीड्स (म्हणजे वाचलेले तुकडे), क्रासफाज २२ हजार, सॅपोव्हायरस १,१४०, रोटा ३७.

आमचे सर म्हणतात, "रोटा दिसतोय ना, मग रोटा लिही. ओळखीचं नाव आहे, व्हायव्हात कोणी अडवणार नाही." मला ते पटत नाहीये. सोळा नंबर हा पॉझिटिव्हपैकी एक आहे, त्यात रोटाचे ४ लाख १२ हजार रीड्स आहेत आणि प्लेटवर तो सतराच्या अगदी शेजारी होता. शिवाय नऊ नंबरमध्ये (सात आठवड्यांची मुलगी, एलायझा निगेटिव्ह) रोटाचे ९०० रीड्स आहेत, त्यांचं काय करायचं तेही कळत नाही.

आणि एक. सतराच्या आईचा दर आठवड्याला फोन येतो. तिने नमुना खोकल्याच्या औषधाच्या टोपणात आणला होता, वर पोळ्यांचं फॉइल घट्ट गुंडाळून, त्यामुळे ती माझ्या चांगली लक्षात आहे. सर तिला फोनवर "बहुतेक रोटाच" म्हणून मोकळे झाले. आता ती विचारते, लस तर तिन्ही वेळा दिली होती, मग रोटा झाला कसा? काय सांगू?

खादाडखाऊ

मिरचीचा विषाणू!! म्हणजे आमची आजी म्हणायची तेच खरं, लेकराला तिखट चाखवू नका. बाकी चालू द्या, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

कमांडलाइन

आजीला सांगा, त्या विषाणूने कोणाचं पोट बिघडत नाही. तो झाडाचा आहे. ढोबळी मिरची, तिखट, सॉस यांतून पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. २००६ साली सॅन दिएगो आणि सिंगापूरच्या माणसांच्या शीतले आरएनए विषाणू पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वाचले, तेव्हा सगळ्यात जास्त हाच निघाला. वाळलेल्या शीच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटीपर्यंत कण. आता तर सांडपाणी तपासताना त्याचाच मापासारखा उपयोग करतात. पोराने आईच्या ताटातला आमटीभात खाल्ला असेल, एवढाच त्याचा अर्थ.

क्रासफाजही सोडून दे. तो आतड्यातल्या बॅक्टेरॉइडिस जिवाणूंना खातो, आपल्याला नाही. तो सापडला २०१४ मध्ये, तोही कोणी सूक्ष्मदर्शकाखाली बघितला म्हणून नाही, तर आधीच वाचून पडलेल्या डेटाचे तुकडे संगणकावर जोडताना. तोपर्यंत असंख्य माणसांच्या पोटात असून कोणाला पत्ता नव्हता.

आता ३७. रानजाई, तुझी शंका रास्त आहे. सगळे नमुने एकाच रनमध्ये घातले की काही रीड्स चुकीच्या बारकोडखाली (कोणता तुकडा कोणत्या नमुन्याचा ते सांगणारी खूण) जातात. चार लाखांतले सदतीस म्हणजे दहा हजारांत एकही धड भरत नाही, एवढी गळती सहज होते. आधी पाण्याच्या कंट्रोलमध्ये, म्हणजे शीऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नमुन्यात, रोटा किती आला ते बघ. (पाण्याचा कंट्रोल ठेवला होतास ना?) मग ते ३७ तुकडे सोळाच्या क्रमाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. तंतोतंत जुळले तर संशय वाढतो, पण तेवढ्यावर निकाल देऊ नकोस. एकाच हंगामात एकाच गावात विषाणूचा एकच स्ट्रेन (उपप्रकार) फिरत असू शकतो, मग दोन आजारी मुलांचा क्रमही सारखाच येईल. खरा निकाल एकच : मूळ शीतून पुन्हा आरएनए काढायचं आणि सतराची आरटी-पीसीआर वेगळी लावायची.

बापूकाका

मी निवृत्त माणूस, तुमचे रीड्स-बीड्स मला समजत नाहीत. पण रोटा मी जन्मभर पाहिला. आमच्या वेळी शीतून आरएनए काढायचं, जेलवर चालवायचं, सिल्व्हरचा रंग द्यायचा. रोटाचं आरएनए अकरा तुकड्यांत असतं, त्यामुळे पट्ट्या उमटायच्या चार, दोन, तीन, दोन. त्या दिसल्या की चहा प्यायला मोकळे. ज्याच्या अंगात विषाणू जोरात वाढतोय त्याचे अकराही तुकडे दिसायला हवेत. तुझे सदतीस रीड्स अकरा तुकड्यांवर पसरलेत, की एकाच कोपऱ्यात गोळा झालेत? बघ आणि सांग.

दुसरं. रोटाचं आरएनए दुपदरी असतं. आरटीच्या (आरएनएवरून डीएनए बनवायच्या पायरीच्या) आधी ९५ अंशांवर तापवून लगेच बर्फात ठेवलं नाही तर पट्टी येत नाही आणि पोरं म्हणतात निगेटिव्ह. ही चूक मी दरवर्षी बघत आलो.

तिसरं, नऊ नंबरची मुलगी सात आठवड्यांची ना? अगं, मग लसीचा पहिला डोस कधी झाला ते कार्डावर बघ. रोटाची लस जिवंत विषाणूची असते, डोसानंतर काही दिवस शीतून पडते. आपल्याकडच्या दोन लसी क्रमावरून ओळखू येतात. रोटाव्हॅकमधला ११६ई हा दिल्लीच्या एम्समध्ये १९८५-८६ साली नवजात बाळांत सापडलेला, जी९पी[११] (जी म्हणजे व्हीपी७ या बाहेरच्या प्रथिनाचा प्रकार, पी म्हणजे व्हीपी४ या प्रथिनाचा). बाळांना संसर्ग होता पण जुलाब नव्हते, म्हणून तर त्याची लस झाली. रोटासीलमध्ये गाईच्या विषाणूच्या सांगाड्यावर माणसाच्या विषाणूचं बाहेरचं प्रथिन बसवलंय. तेव्हा नुसतं व्हीपी७ बघू नकोस. जी९ गावातही फिरतो. व्हीपी४ बघ.

छोटेपेशंट

बालरोगतज्ज्ञ आहे, घाईत लिहितोय.

सतराच्या आईला "रोटा" हा शब्द पुन्हा ऐकवू नका, निदान खात्री होईपर्यंत. ओपीडीत रोज बघतो, "लस देऊनही झाला" हे एका घरातून निघतं आणि अख्ख्या वाडीत पोचतं. लस प्रत्येक जुलाब थांबवत नाही, रोटाचे गंभीर जुलाब पुष्कळ कमी करते. शिवाय नाव कोणतंही निघालं तरी उपचार बदलला नसता. ओआरएस, अंगावरचं दूध चालू, झिंक १४ दिवस. विषाणूवर अँटिबायोटिक नाही. आणि संमतीपत्रात वैयक्तिक निकाल कळवायचं म्हटलंय का ते आधी वाचा, नाहीतर एथिक्स कमिटी तुम्हालाच धरेल.

सॅपोव्हायरसबद्दल सर काहीच बोलले नाहीत, याचं मला नवल वाटतं. १९७७ मध्ये जपानमधल्या सप्पोरोच्या एका बालगृहात साथ आली होती, त्यावरून त्याचं नाव पडलं. लहान मुलांना तो खरोखर आजारी पाडतो. पण बरं झाल्यावरही कित्येक दिवस शीतून पडत राहतो आणि धडधाकट मुलांतही सापडतो. म्हणून माझा प्रश्न : तुमच्याकडे निरोगी मुलांचे नमुने किती आहेत?

रानजाई

डॉक्टर, शून्य. हेच मला कोणी आधी विचारायला हवं होतं.

कमांडलाइन

मग थीसिसमध्ये "कारण" हा शब्द कुठेही येऊ देऊ नकोस. "आढळला" लिही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला, मुलांच्या जुलाबांवरचा 'जेम्स' (GEMS) अभ्यास वाच. आफ्रिका-आशियात सात ठिकाणी झाला, आपल्याकडे कोलकात्यात. ९,४३९ आजारी मुलं घेतली तर त्यांच्याच वयाची, त्याच परिसरातली १३,१२९ निरोगी मुलंही घेतली, कारण रोगजंतू दोघांतही सापडतात. किती जास्त सापडतो, यावरून दोषी ठरवायचा. आणि २००८ साली ॲस्ट्रोव्हायरस एमएलबी१ सापडला तो असाच, मेलबर्नमधल्या बारा मुलांच्या साठवलेल्या नमुन्यांच्या सिक्वेन्सिंगमधून. नवा विषाणू मिळाला म्हणून नाव झालं, पण ज्या पोरात तो सापडला त्याला त्यानेच जुलाब झाले असं त्यावरून सिद्ध होत नव्हतं.

बापूकाका

मेलबर्नच. रोटाही १९७३ मध्ये रूथ बिशप आणि मंडळींना तिथल्याच मुलांच्या हॉस्पिटलात दिसला, आतड्याच्या तुकड्यात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. असो, विषयांतर झालं.

रानजाई

उशीर झाला, माफ करा. मूळ नमुने ठेवलेला डीप फ्रीझर गेल्या महिन्यात एक रात्र बंद पडला होता आणि ते कोणी लिहूनही ठेवलं नव्हतं. मला भीती होती की सतरा खराब झाला असेल. पण सोळाही त्याच ट्रेमध्ये वितळला होता, म्हणून दोन्ही एकत्र लावले. बापूकाका, ९५ अंशांवर तापवून, बर्फात. सोळाची पट्टी ठणठणीत आली. सतरात काही नाही, दोनदा लावूनही. ते ३७ रीड्स अकरापैकी दोनच तुकड्यांवर होते. पाण्याच्या कंट्रोलमध्येही रोटाचे ११ निघाले, म्हणजे गळतीच.

नऊ नंबरचं कार्ड पाहिलं. डोस नमुन्याच्या पाच दिवस आधीचा. व्हीपी४ पी[११] निघाला. सरांना दाखवलं, ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, "हे पहिल्या पानावर घे."

सॅपोची पीसीआर लावायला लागणारे प्रायमर गुरुवारी येतील.

संमतीपत्रात निकाल कळवू असं कुठेही नाही, पण चुकीचं सांगून झालं होतं ते दुरुस्त करायला हवं होतं. सरांना विचारून काल सतराच्या आईला मीच फोन केला. म्हटलं, रोटा नव्हता, आधी सांगितलं ते चुकलं. विषाणू कोणता होता हे तिने विचारलंच नाही. म्हणाली, "जावेच्या बाळाला दीड महिना होतोय, तिला मी डोस थांबव म्हणाले होते. आता देऊ दे ना?"